मास्तरांचं कोण तपासणार?

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते बाइंडर. फर्मे जुळवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, दाबाखाली ठेवायचं आणि वाळलं की काढायचं, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं. पण केलं ते असं, की त्या बोळकंडीएवढ्या दुकानात वकील आणि ग्रंथपाल ताटकळत उभे राहायचे आणि मास्तर मान वर न करता त्यांना "पुढच्या आठवड्यात" म्हणायचे. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. पुस्तकात असे वीस-पंचवीस फर्मे एकावर एक लागतात, आणि मास्तरांच्या हातून उभ्या आयुष्यात एकही मागेपुढे झाला नव्हता. निदान गेल्या वर्षापर्यंत तरी नव्हता.

आणि रविवारी ते रॉकेटं उडवायचे. हसा, सगळेच हसतात. मास्तरीणबाई तर लग्नाला चार वर्षं झाल्यापासून हसत होत्या, म्हणजे हा नाद लागला तेव्हापासून. कुणीतरी जुनी मासिकं बांधायला आणून टाकली, मास्तरांनी बांधता बांधता एक लेख वाचला आणि संध्याकाळी घरातल्या झाडूच्या दांड्यावर उरलेला कागद खळ लावून गुंडाळायला बसले. दांडा ओढून काढला तर हातात अशी सरळ, टणक नळी आली, की तिच्यावर माणूस उभा राहिला तरी वाकायची नाही. तिला पुठ्ठ्याचे पंख लागले, लाकडाचं नाक लागलं, आणि झाडू बिनदांड्याचा राहिला तो राहिलाच. "सवतीला निदान तोंड असतं, भांडता तरी येतं," बाई म्हणायच्या, "हिला नुसतंच नाक." म्हणायच्या आणि त्या सवतीसाठीच मोडक्या छत्रीच्या कापडाचं पॅराशूट शिवत बसायच्या. दुकानातही फर्म्यांची शिवण त्यांचीच होती. सुईच्या बाबतीत मास्तर त्यांच्यापुढे ब्र काढत नसत.

हळूहळू मंडळी जमली. चार दुकानं सोडून चष्म्यांचं दुकान होतं, ते चष्मेवाले आले. एक टेम्पोवाला आला. अलीकडे सरकारी इस्पितळातली एक नर्स यायला लागली होती, तिला सगळे सिस्टर म्हणायचे. मालधक्क्याच्या पलीकडे मोठं मोकळं मैदान होतं, तिथं दर रविवारी सकाळी जमिनीत एक लोखंडी सळई रोवायची, तिच्यात रॉकेट अडकवायचं, लांब वायर सोडून बटण हातात घ्यायचं आणि उलटे आकडे मोजायचे. मोठी माणसं, पण आकडे मोजताना एकाचाही आवाज धड निघायचा नाही.

नियम मास्तरांनीच घातले होते. एकदा त्यांच्याच रॉकेटचा पंख निखळला, ते तिरपं झालं आणि टेम्पोच्या काचेत घुसलं. आत माणूस असता तर? मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी सांगून टाकलं, की आपलं रॉकेट आपण तपासायचं नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही, बाइंडरला तर नाहीच नाही. दुसऱ्यानं तपासायचं, तेही हात पाठीमागे बांधून. ज्याचं रॉकेट त्यानं उघडून दाखवायचं, तपासणाऱ्यानं नुसतं बघायचं, विचारायचं आणि पटलं तर नळीवर लाल पेन्सिलीची एक रेघ ओढायची. रेघ नसलेलं रॉकेट सळईवर जाणार नाही.

लाल पेन्सिल अर्थात मास्तरांच्या खिशात गेली. ते सगळ्यांचं तपासायचे. मग त्यांचं कोण तपासणार? नियमाप्रमाणे चष्मेवाल्यांनी तपासायचं. चष्मेवाले वाकायचे, "वा!" म्हणायचे, रेघ ओढायचे आणि सरळ व्हायचे. उघडून दाखवा म्हणायची त्यांची छाती नव्हती. मास्तरांचं कोण तपासणार, असं म्हणून मंडळी हसायची. आदर बरा, पण आदरानं कुणाचा जीव वाचत नाही, हे कुणाला सुचलं नाही.

गेल्या वर्षी एका वकिलाचं जाडजूड पुस्तक बांधायला आलं होतं. शिवायला घेतलं तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की चौथ्या फर्म्यावर सहावा लागलाय आणि पाचवा थेट शेवटी गेलाय. त्यांना आधी आपल्याच डोळ्यांचा संशय आला. मास्तर समोरच्या टपरीवर चहाला गेले होते. बाईंनी फर्मे पटापट नीट लावले, सुई ओवली आणि ते परत आले तेव्हा शिवण अर्ध्यावर आली होती. एखादी चूक कुणाचीही होते, तिचा काय गाजावाजा करायचा!

पण ती एखादी नव्हती. पुढच्या महिन्यात दोन झाल्या, मग आठवड्याला एक. कधी मास्तर कुलूप उघडायला वाकायचे आणि किल्ली हातात धरून तसेच राहायचे. कधी हाडाची पट्टी, जिनं ते रोज घड्या दाबायचे, तिचं नावच तोंडात यायचं नाही. "ते दे, ते, अगं ते," म्हणत बोटं हलवत राहायचे आणि मग चिडायचे. लेक फोनवर म्हणाली, बाबांना डॉक्टरांना दाखव. बाई म्हणाल्या, वय झालं की होतंच, तुझ्या आजोबांचंही झालं होतं. त्यांना डॉक्टरची भीती नव्हती. डॉक्टर एक नाव सांगेल, ते नाव घरात येईल, मग गिऱ्हाइकांच्या कानावर जाईल, मग दुकान बंद होईल आणि मास्तर खिडकीत रिकाम्या हातांनी बसून राहतील, याची भीती होती. रिकाम्या हातांचे मास्तर त्यांना नुसते डोळ्यांसमोर आणवत नसत.

तेव्हा त्यांनी झाकायचं ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तर फर्मे जुळवायचे, बाई डोळ्यांत तेल घालून ते पुन्हा जुळवायच्या, आणि पुस्तक दुकानाबाहेर पडायचं ते जसं पडायचं तसंच. एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. उलट वकील म्हणाला, मास्तर, तुमच्या हाताला म्हातारपण नाही. मास्तर खूश झाले आणि बाई आत जाऊन उगीच खळ ढवळत बसल्या.

त्या वर्षभर मास्तर एक रॉकेट बनवत होते. दोन टप्प्यांचं. सोपं करून सांगायचं तर एका रॉकेटच्या डोक्यावर दुसरं. खालचं वरच्याला उंच नेऊन सोडतं आणि गळून पडतं, मग वरचं पेटतं आणि एकटं पुढं जातं. इंजिनं विकत मिळतात, अंगठ्याहून थोडी जाड पुठ्ठ्याची नळकांडी, आत दारू ठासलेली, आणि प्रत्येकावर एक आकडा. शून्याचं इंजिन जळून संपलं की थांबत नाही, त्याची शेवटची ज्योत लगेच वरच्या इंजिनाला पेटवते. पाचाचं इंजिन जळून संपलं की पाच सेकंद दम धरतं आणि मग एक छोटा बार करून पॅराशूट बाहेर फेकतं. म्हणून खाली शून्य, वर पाच. मास्तरांनीच हे मंडळींकडून परवचा घोकून घ्यावा तसं घोकून घेतलं होतं. उलटं झालं तर खालचं इंजिन संपून नुसतं थांबतं, तेवढ्यात रॉकेटचा जोर सरतो, ते वाकतं, नाक जमिनीकडे होतं, आणि मग त्या बारानं वरचं पेटतं. म्हणजे पेटलेलं रॉकेट पूर्ण जोरानं खाली येतं, आणि खाली माणसं उभी असतात.

रॉकेट मात्र देखणं झालं होतं. मास्तरांच्या छातीपर्यंत यायचं. पुस्तकांच्या आतल्या बाजूला लावतात त्या लाटालाटांच्या रंगीत कागदाचा शिल्लक ताव त्यांनी त्याला चढवला होता आणि सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडत नव्हतं. ते हातात घेतलं की मास्तर पुन्हा पहिल्यासारखे व्हायचे, टिंगल करायचे, शीळ घालायचे. बाईंनी सवतीला वर्षभरात एकदाही नावं ठेवली नाहीत.

त्या रविवारी सकाळी बाई मास्तरांच्या सदऱ्याला इस्त्री करत होत्या आणि मास्तर टेबलाशी इंजिनं बसवत होते. तोंडानं पुटपुटणं चाललं होतं. "खाली पाच, वर शून्य."

बाईंचा हात थांबला. त्यांनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, की उलटं तर म्हणत नाही ना तुम्ही? मास्तर हसले. मोठा आकडा खाली, म्हणाले. भिंत बांधताना मोठा दगड वर ठेवतात का? आणि हे ते इतक्या ठामपणे म्हणाले, की क्षणभर बाईंनाच वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. पण बाईंनी मैदानावर ते घोकणं इतक्या रविवारी ऐकलं होतं, की झोपेतही चुकल्या नसत्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मीही ते जाणतो आणि तुम्हीही जाणता. पण मास्तर शीळ घालत अंघोळीला गेले, आणि दाराआडून ती शीळ येत असताना त्या माणसाला हाक मारून, अहो, तुम्हाला आता हेही येत नाही, असं सांगायचं? नाही झालं त्यांच्यानं. त्यांनी इस्त्री उभी केली, दोन्ही इंजिनं जोडणारी टेप सोडवली, शून्य खाली घातलं, पाच वर घातलं, पुन्हा टेपचा एकच वेढा दिला आणि नखानं दाबून बसवला. मास्तर बाहेर आले तेव्हा सदरा हँगरला होता.

मैदानावर चष्मेवाले वाकले, "वा! वा!" म्हणाले आणि रेघ ओढली. मंडळी मागे सरली. मास्तरांनी बटण दाबलं.

ते गेलं, आणि असं गेलं, की टेम्पोवाल्याच्या हातातला चहा तिरका होऊन बुटावर सांडला तरी त्याला कळलं नाही. खालचं गळालं, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच वरचं पेटलं, आणि ते वर, आणखी वर, नुसता धुराचा दोरा राहीपर्यंत गेलं. मग कुठंतरी फार उंचावर बाईंनी शिवलेलं पॅराशूट उघडलं. टाळ्या काय, शिट्या काय! चष्मेवाल्यांनी मास्तरांना मिठी मारली. मास्तर हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते. बाईही रडल्या. त्यांना खरंच वाटलं, की काही बिघडलेलं नाही. आपण आहोत तोवर हे असंच चालेल. पुस्तकंही चालतील आणि रॉकेटंही. माणसाला जे हवं असतं ते तो लगेच खरं मानतो, आणि बाई काही त्याला अपवाद नव्हत्या.

पुढचा नंबर सिस्टरचा होता. तिचंही दोन टप्प्यांचं, तिच्या आयुष्यातलं पहिलंच. इस्पितळातल्या तिच्या दोन मैत्रिणी आणि तिची लहान मुलगी बघायला आल्या होत्या, बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडे उभ्या होत्या. मास्तर लाल पेन्सिल घेऊन घडीच्या टेबलाशी गेले. बाई लांब, पॅराशूटची घडी घालत बसल्या होत्या. मान वर केली तर मास्तरांचे हात पाठीमागे नव्हते. ते सिस्टरच्या रॉकेटची टेप सोडवत होते, काहीतरी समजावून सांगत होते, आणि ती मान हलवत होती. मग त्यांनी रेघ ओढली.

ते परत आले ते छाती पुढे काढून. बाईंनी विचारलं, काय झालं होतं?

"उलटं घातलं होतं पोरीनं," मास्तर म्हणाले. "दिलं नीट करून."

सिस्टर रॉकेट सळईवर चढवत होती. चष्मेवाल्यांनी वायरी जोडल्या, बटणाच्या पेटीत किल्ली फिरवली, जिच्याशिवाय बटण चालत नाही, आणि पेटी हातात घेतली. बाई उठल्या आणि भराभर त्यांच्याकडे गेल्या. अजूनही त्यांना झाकायचंच होतं, बघा. त्या म्हणाल्या, वारा वाढलाय, जरा थांबू या. चष्मेवाल्यांनी बोट ओलं करून वर धरलं आणि सांगितलं, की वारा सकाळपेक्षा कमीच आहे. मग त्या म्हणाल्या, मला गरगरतंय. चष्मेवाले म्हणाले, तुम्ही सावलीत बसा, एवढं एक झालं की घरी सोडतो. आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. दोरीपलीकडून ती लहान मुलगी सगळ्यांत मोठ्यानं मोजत होती.

बाईंनी मागे पाहिलं. मास्तर दहा पावलांवर उभे होते. आवाज खाली करायला वेळ नव्हता.

"थांबवा. उलटं आहे ते."

"काकू, स्वतः मास्तरांनी तपासलंय."

"म्हणूनच थांबवा. त्यांना आता खालचं-वरचं कळत नाही."

मोजणं थांबलं. चष्मेवाल्यांनी किल्ली काढून खिशात घातली, कुणाकडेही न बघता सळईपाशी गेले आणि पहिल्यांदाच मास्तरांची रेघ असलेलं रॉकेट उघडलं. पाचाचं खाली होतं. सिस्टर म्हणाली, मी शून्यच खाली घातलं होतं, पण मास्तर म्हणाले... तिनं दोरीकडे, आपल्या मुलीकडे पाहिलं.

मास्तर जवळ आले. त्यांनी दोन्ही इंजिनं तळहातावर घेतली. मोठा आकडा खाली, असं काहीसं म्हणाले, पण त्यात सकाळचा जोर नव्हता. बराच वेळ ते त्या आकड्यांकडे पाहत राहिले. मग त्यांचे ओठ हलले. खाली शून्य, वर पाच. पुन्हा एकदा तेच म्हणाले. अशा वेळी डोकं नेमकं जागेवर येतं आणि तेच वाईट असतं, कारण मग माणसाला सगळं दिसतं. त्यांना सगळं दिसलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"मग माझं कसं गेलं?"

खोटं अगदी ओठांवर होतं. चष्मेवाल्यांनी तर तोंड उघडलंही होतं, तुमचं काय हो मास्तर, तुमचं कधी चुकतं का, असं काहीतरी म्हणायला. बाईंना एवढंच म्हणायचं होतं, की तुमचं तुम्ही नीट घातलं होतंत. तेवढं एक उड्डाण त्यांचं राहिलं असतं. पण सिस्टरसमोर त्यांची जीभ वळली नाही.

"मी बदललं," त्या म्हणाल्या. "तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा."

मास्तरांनी वर पाहिलं, जिथं त्यांचं रॉकेट गेलं होतं तिकडे. तिथं आता काही नव्हतं. कधीपासून बदलतेस, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, वर्ष होत आलं. दुकानातलंही का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरज राहिली नव्हती.

"मला सांगायचं होतंस," मास्तर म्हणाले. चिडून नाही, अगदी हळू. "चुकतोय हे कळलं असतं तर मी दुसऱ्याच्या रॉकेटला हात लावला असता का? मला वाटलं, माझं सगळं बरोबर येतंय."

मास्तरांनी लाल पेन्सिल चष्मेवाल्यांच्या खिशात खोचली, चार पावलं चालून गेले आणि गवतात बसले, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून. मंडळी सामान आवरायला लागली, कारण उभं तरी किती राहायचं. बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि हात पुढे केला. मास्तरांनी तो धरला नाही.